नीलम लाभतो का ते पाहणे

शनिवार, ४ फेब्रुवारी २०१२, लातूर

गंजगोलाईच्या बाजारातल्या खडेवाल्या माणिकप्पांनी आज निळ्या फडक्यात बांधून नीलम दिला आणि बजावलं, "ताई, रोज काय घडतं ते लिहून ठेवा. मागाहून माणसाला एक तर बरं तेवढंच आठवतं, न्हाईतर वाईट तेवढंच. लिहिलेलं असलं की खड्याचा असर कळतो." म्हणून ही वही. एरवी मला दैनंदिनीची हौस नाही. शाळेत असताना एकदा सुरू केली होती, ती भावाने जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हापासून बंद.

नीलम कशासाठी हेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे मन डगमगलं तर वाचता येईल. आमची देविका तीस सप्टेंबर त्र्याण्णवची, भूकंपाच्या पहाटेची. माझे वडील तेव्हा इथे लातुरात नोकरीला होते, म्हणून मी बाळंतपणाला इथे आले होते. तेव्हापासून पोर "भूकंपातली" झाली. लहान होती तोवर लोक कौतुकाने म्हणायचे. मग दहावीच्या परीक्षेत तिला कांजिण्या आल्या आणि गेल्या वर्षी मेडिकलच्या सीईटीच्या तोंडावर टायफॉइड. तेव्हा आमच्या राजश्री वन्संनी नांदेडच्या दवाखान्यात, पोरीच्या उशाशी उभं राहून सांगितलं, "मुहूर्तच तसला आहे तिचा. जिथे जाईल तिथे हादरा." मी वन्संना काही बोलले नाही. बोलण्यापेक्षा करून दाखवावं, असा माझा स्वभाव.

म्हणून गेल्या जूनपासून नांदेडचं घर ह्यांच्यावर सोडून मी देविकाला घेऊन इथे खोली करून राहिले आहे. तिचा क्लास, टेस्ट, जेवणखाण, झोप, सगळं चोख ठेवलंय. राहिलं होतं ते नशीब, आता तेही हातात घेतलं. मे महिन्यात ती परीक्षेला बसेल, पेपर पुरा लिहील आणि मधे काही आडवं येणार नाही. मी येऊ देणार नाही.

माणिकप्पांचं मत निराळं होतं. त्यांच्या दुकानात इंग्रजी महिन्यांचा तक्ता लावलाय, क्लासची मुलं तो बघूनच खडे नेतात. त्यात सप्टेंबरला नीलम आहे. पण पत्रिकेप्रमाणे देविकाची रास मीन, आणि मीनेला पुष्कराज. "पुष्कराज न्या, शांत खडा हाय," ते म्हणाले. "नीलम शनीचा. लाभला तर लगेच वर नेतो, न्हाई लाभला तर तितक्याच लगेच खाली आणतो. सहसा लेकरांना मी देत न्हाई." पुष्कराजाला गुण यायला किती काळ लागतो, असं मी विचारलं. "वर्ष, दीड वर्ष. सबुरी पायजे." सबुरीला माझ्याकडे वेळ नाही. नीलम घेतला. किंमत इथे लिहीत नाही, कारण ही वही ह्यांच्या हाती पडू शकते.

रीत अशी की, अंगठी घडवण्याआधी सुटा खडा काही दिवस दंडाला बांधायचा किंवा उशीखाली ठेवायचा. स्वप्नं, तब्येत, घरातल्या घडामोडी पाहायच्या. लाभला तर चांदीत मढवून शनिवारी मधल्या बोटात घालायचा, नाहीतर माणिकप्पांना परत. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. आधी तो मी माझ्याच दंडाला बांधणार आहे. काही वाईट निघायचं असेल तर ते पहिल्यांदा माझ्यावर निघू दे.

रविवार, ५ फेब्रुवारी

पहाटेचं स्वप्न: नांदेडच्या घरी दूध उतू जातंय आणि मी खुर्चीवर बसून बघतेय. दूध उतू जाणं शुभ मानतात. बसून बघणं मला शोभत नाही. शंकास्पद.

हे नांदेडहून अर्धापूरची केळी घेऊन आले. दंडाचं फडकं दिसलंच त्यांना. लचक भरलीय म्हटलं, तर मलम चोळायला निघाले. कशीबशी सुटका करून घेतली. मग देविकाला वनस्पतीशास्त्राचे प्रश्न विचारत बसले आणि दोन उत्तरं स्वतःच चुकीची सांगितली. पोर गडाबडा लोळून हसली. टेस्टमध्ये पहिल्या तुकडीत आहे सध्या. तिची मैत्रीण शिवांगीही त्याच तुकडीत, दोघी एका बाकावर बसतात.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

वाईट: गॅस संपला, तोही भात अर्धा शिजलेला असताना. चांगलं: शिवांगीच्या आईकडे भरलेलं सिलिंडर निघालं. ती बाई म्हणजे शिवकन्या, हिमायतनगरकडची, शेती नवऱ्यावर सोपवून लेकीसाठी खालच्या खोलीत राहते. तिने भातही करून दिला. आता गॅस संपला हे खड्यामुळे की भात मिळाला हे खड्यामुळे? माणिकप्पांना विचारायला हवं.

घरमालकीण शिवगंगाबाई पाण्याचं सांगायला वर आल्या आणि त्यांनी फडकं नेमकं ओळखलं. त्यांच्या स्वतःच्या चार बोटांत अंगठ्या आहेत. त्यांचं गाव औशाकडचं. भूकंपात घर पडलं, सासू आणि धाकटा दीर त्याखाली गेले. मग लातुरात येऊन त्यांनी हे तीन मजले उभे केले आणि क्लासच्या मुलांच्या आयांना भाड्याने दिले. बोलणं असं की भांडतायत असं वाटावं.

"नीलम व्हय? पोरीची जन्मवेळ तरी पक्की हाय तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "मला तर तारीखच न्हाई. शाळेत घालताना मास्तरनं एक जून लिहिली. माझी एक जून, नवऱ्याची एक जून, दिराची एक जून. माणिकप्पा म्हणला, जूनचा खडा मोती. म्हणलं, अरे, मग आमच्या अख्ख्या गावालाच मोती घालावा लागंल तुला."

"मग या चार अंगठ्या कसल्या?" मी विचारलं.

"ज्या आवडल्या त्या घेतल्या की."

असल्या माणसाशी शास्त्र काय बोलणार.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

आज हिशोब मांडला. अंग दुखलं नाही, वाईट बातमी नाही. नळाला वेळेवर पाणी आलं, हा तर लातुरात चमत्कारच. गॅसची गोष्ट दोन्हीकडे धरता येते म्हणून सोडून दिली. खडा शांत आहे. उद्या शनिवार. उद्यापासून देविकाच्या उशीच्या खोळीत. तिला सांगणार नाही. मन त्यात गुंतलं तर अभ्यास राहील.

सोमवार, १३ फेब्रुवारी

सकाळी अंथरुणं आवरताना देविकाच्या उशीची खोळ उलटी घातलेली दिसली. हल्ली तिचं लक्षच नसतं. खडा आत नीट होता.

दुपारी जेवताना तिने आपणहून त्या पहाटेचं विचारलं. मला बरं वाटलं. एरवी जेवताना पुस्तकातून डोकं वर काढत नाही. मी सगळं सांगितलं. दवाखान्याच्या खिडक्या कशा वाजायला लागल्या, नर्सने मला कसं धरून बाहेर आणलं, आवारात लिंबाखाली खाट टाकली आणि तिथेच, कुणाच्या तरी बॅटरीच्या उजेडात ही जन्मली. नर्सने तिला स्वतःच्याच शालीत गुंडाळलं होतं.

"आणि त्याच वेळी तिकडे गावंच्या गावं पडली?" तिने विचारलं.

"हो, बाळ. तेव्हा आम्हाला काही कळलं नव्हतं. उजाडल्यावर कळलं."

"मग पेढे वाटले का?"

"कुणाला वाटणार? रस्त्यावर लोक रडत होते."

तिने मान हलवली आणि ताट उचललं. अर्धी पोळी तशीच राहिली होती. उन्हं वाढायला लागली की भूक कमी होतेच. उद्यापासून ताक द्यायचं.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

वाईट, आणि यात शंका नाही. देविका दुसऱ्या तुकडीत गेली. टेस्टच्या गुणांवर तुकड्या बदलतात. तिने म्हणे शेवटचं पान सोडवलंच नाही. वेळ पुरला नाही का विचारलं तर "पुरला" म्हणाली.

तडक माणिकप्पांकडे गेले. त्यांनी डोक्याला हात लावला. "ताई, मी म्हणलोच होतो. आणा परत, फिकीर करू नका."

पण मी आणला नाही. खडा लागू पडताना आधी थोडा त्रास देतो, असंही तेच मागे म्हणाले होते. औषध कडू लागलं म्हणून कुणी बाटली फेकत नाही. आणखी काही दिवस.

शिवांगीला ताप आलाय. एक बरं आहे, देविका आता तिच्याजवळ बसत नाही, खाली अभ्यासालाही जात नाही. "तू जाऊ नकोसच, लागण व्हायची," असं मी म्हटलं. ती म्हणाली, "हो आई. मी तिच्यापासून लांबच आहे." किती समजूतदार पोर.

सोमवार, २० फेब्रुवारी, महाशिवरात्र

शिवगंगाबाईंबरोबर सिद्धेश्वराच्या यात्रेला गेले. या गावाला जुन्या काळी रत्नापूर म्हणत, असं तिथे एक जण सांगत होता. म्हटलं, बरं झालं, खड्याला गाव तरी योग्य मिळालं. देविकासाठी नारळ वाहिला.

तिला चल म्हटलं होतं. नको म्हणाली. "तिथे एवढी गर्दी, लहान लहान मुलं असतात, आई. मी कशाला." अभ्यासाचं कारण सांगितलं असतं तर समजले असते. गर्दीची भीती तिला कधीपासून वाटायला लागली कोण जाणे. परीक्षेचा ताण असावा.

शिवगंगाबाईंना वाटेत विचारलं, नीलम तापट असतो म्हणतात ते खरं का. त्या म्हणाल्या, "खडा तापट न्हाई, तुम्ही तापट हाव." भर गर्दीत.

बुधवार, २२ फेब्रुवारी

आज काय घडलं ते लिहायला हात वळत नाही. तरीही लिहिते.

सकाळी शिवकन्या वर आली, दारातच उभी राहिली. शिवांगीचा ताप उतरलाय. "पण पोरगी लई रडून राहिली, देविकाची आई," ती म्हणाली. "तुमची देविका तिच्याशी बोलंना. काय झालं म्हून लई खोदून विचारलं, तर म्हणते, देविका म्हणली माझ्याजवळ येऊ नको, मी भूकंपातली हाय, तुला ताप माझ्यानंच आला. माझ्या आईला बी ठाऊक हाय, तिनं माझ्या उशीत खडा ठेवलाय." मग जरा थांबून म्हणाली, "लेकराच्या मनात हे कुठून शिरलं वो?"

मी तिला चहा दिला. काय बोलले ते आठवत नाही. ती गेल्यावर उशीची खोळ हातात घेऊन बसले. उलटी घातलेली खोळ. मी समोर पाहत होते आणि ताक पाजत होते.

देविका दुपारी क्लासवरून आली. तिला समोर बसवलं आणि विचारलं, "आत्या दवाखान्यात बोलली ते तू मनाला लावून घेतलंस ना?"

"नाही," ती म्हणाली. "आत्या काय, दूधवाल्यालाही अपशकुनी म्हणते. मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं."

"मग?"

"तू आणलास ना खडा. आई, तू खात्री केल्याशिवाय काही करत नाहीस. पेन घ्यायचं तरी चार दुकानांत लिहून बघतेस. तू खडा आणलास म्हणजे तुला पक्कं कळलं असणार की माझ्यात काहीतरी आहे."

हे ती रडत म्हणाली नाही. गणिताची पायरी सांगावी तसं म्हणाली. रडले मी. वन्संच्या एका वाक्याचा राग धरून मी वर्षभर कंबर कसली, आणि त्यांचं वाक्य पोरीच्या गळी उतरवलं ते मीच. माझ्या हाताने, निळ्या फडक्यात बांधून.

मग तिला सांगितलं की तो खडा आधी मी स्वतःच्या दंडाला बांधला होता. बाबांना जी लचक सांगितली ती हीच.

"का?"

"काही वाईट असलं तर आधी माझ्यावर येऊ दे म्हणून."

"मग मी शिवांगीच्या बाबतीत तेच केलं ना," ती म्हणाली. "मी लांब गेले, म्हणजे तिला काही होऊ नये."

आवाज ऐकून शिवगंगाबाई वर आल्या. त्यांना कळायचं ते कळलं असावं, भिंती काही जाड नाहीत. त्या देविकासमोर बसल्या आणि नेहमीच्या भांडखोर आवाजात म्हणाल्या, "माझी सासू गेली, दीर गेला त्या दिशी. मी न्हाई तुझं नाव घेतलं कधी. भूकंप तू आणला व्हय? तू तर नऊ महिने आधीच निघाली होतीस की."

देविका हसली नाही, पण शिवगंगाबाईंनी दिलेली अर्धी भाकरी तिने पुरी खाल्ली.

शनिवार, २५ फेब्रुवारी

नीलम परत केला. माणिकप्पांनी विचारलं, "न्हाई लाभला ना?" मी म्हटलं, "खड्याला बोल लावू नका. आम्हीच त्याला लाभलो नाही." त्यांनी पुष्कराज पुन्हा दाखवला. मी हात जोडले.

घरी येऊन वन्संना फोन लावला, देविका समोर बसलेली असतानाच. सगळं शांतपणे सांगितलं. "वन्सं, तुम्ही मोठ्या आहात, मला काहीही बोला. पण देविकाच्या जन्मवेळेबद्दल तो शब्द पुन्हा निघाला, तर मी तुमच्या घरची पायरी चढणार नाही." मग म्हणाल्या, "मी आपलं सहज म्हटलं होतं, प्रमोदिनी." म्हटलं, "मीही सहज सांगतेय."

देविकाने पुस्तक समोर धरलं होतं. इतका वेळ पान उलटलं नव्हतं.

तरी ती अजून खाली जात नाही. शिवांगीच येऊन जाते, ही दारातून दोन शब्द बोलते आणि आत वळते. एकदा शिरलेलं असं फोन करून निघत नाही, हे मला कळलंय. मला वाटलं होतं खडा परत केला की झालं. पण मी सोडणार नाही.

रविवार, ११ मार्च

हे आले होते. त्यांना सगळं सांगितलं, किमतीसकट. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मला विचारायचं होतंस." म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. म्हणाले, "म्हणूनच."

देविका अजून दुसऱ्याच तुकडीत. शेवटचं पान मात्र सोडवते आता.

शुक्रवार, १३ एप्रिल

पुन्हा पहिली तुकडी. बाकावर जागा शिवांगीशेजारी मिळाली, तर सरांना सांगून मागची घेतली. रोज सगळं सुरळीत चाललं तरी ती वाट बघत असते, कधी काय होईल म्हणून. आणि मी तिच्याकडे बघत असते, ती काय वाट बघतेय म्हणून. आम्ही दोघी अशा एकमेकींवर पहारा देतोय.

गुरुवार, १० मे

पेपर झाला. दुपारी परत आलो. देविका झोपलीय, तोवर लिहून घेते.

सकाळी शिवकन्याने परस्पर ठरवून टाकलं होतं की चौघींनी एकाच ऑटोतून जायचं, सिद्धरामच्या. देविका मला बाजूला घेऊन म्हणाली, "आपण वेगळ्या ऑटोने जाऊ या ना." मी म्हटलं, "नाही. एकत्रच जायचं." ती शिवांगीपासून जितकी लांब बसता येईल तितकी कडेला बसली.

केंद्र थोडं पुढे राहिलं असेल, तोच औसा रस्त्यावर ऑटोने दोन गचके दिले आणि बंद पडला. सिद्धरामने मूठ ओढून पाहिली, पुन्हा ओढली. शिवकन्या डोळे मिटून देवाचं नाव घेऊ लागली. शिवांगी घड्याळ बघायला लागली.

देविका घड्याळ बघत नव्हती. रस्ताही बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

तेव्हा मला कळलं. कांजिण्यांच्या वेळी, टायफॉइडच्या वेळी, प्रत्येक वेळी ती माझ्याच तोंडाकडे बघत होती. मला काय वाटतं ते बघायला. आणि तिथे तिला काय दिसलं असेल ते मला आता माहीत आहे. छातीत धडधडत होतंच, खोटं कशाला लिहू. पण आज ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नव्हतं. मे महिन्यात काही आडवं येऊ देणार नाही म्हणाले होते. आडवं आलं होतं, आणि ते दूर सारायला माझ्या हातात एवढंच होतं.

"सिद्धराम," मी म्हटलं, "पेट्रोल भरलं होतं का?"

त्याने वाकून टाकी उघडली, आत डोकावला, आणि ओशाळून उभा राहिला. "काल सांजच्यालाच भरायचं होतं वो ताई. ध्यानातच न्हाई राहिलं."

"बघ," मी देविकाला म्हटलं. एवढंच म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली, आणखी थोडा वेळ, नीट तपासून घ्यावं तसं. मग खांदे खाली आले तिचे. "म्हणजे नुसतं पेट्रोल," ती म्हणाली.

"नुसतं पेट्रोल."

ती खाली उतरली. दुसऱ्या बाजूने वळसा घालून गेली आणि शिवांगीपुढे हात केला. "चल, उतर. चालत पोचू आपण."

शिवांगीने तो धरला. दोघी भराभर पुढे निघाल्या. आम्ही दोघी आया मागून पाण्याच्या बाटल्या सांभाळत, धापा टाकत. फाटकापाशी पोचेपर्यंत देविकाने तो हात सोडला नव्हता. वळून तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

पेपर कसा गेला ते मी विचारलेलं नाही. आत दोघी एकाच उशीवर डोकी टेकून झोपल्यात आणि शिवकन्या खालून विचारतेय, चौघींचा चहा टाकू का.